ऑलिव्हच्या बागा आणि कर्बाचा हिशेब

औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० भागांच्या पुढे गेले आहे. उत्सर्जनात कपात हा यावरील मूळ उपाय होय. त्याबरोबरच हवेतील कर्ब वनस्पतींत व मातीत परत आणणेही आवश्यक आहे. या संदर्भात वनांची चर्चा नेहमी होते, फळबागांची मात्र क्वचितच. भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांतील ऑलिव्हच्या बागा हे त्याचे अभ्यासण्यासारखे उदाहरण आहे.

शोषण आणि साठवण

ऑलिव्ह हा जाई, मोगरा यांच्या कुळातील सदाहरित वृक्ष आहे. पानझडी वृक्षांप्रमाणे तो हिवाळ्यात निष्पर्ण होत नाही, त्यामुळे वर्षाच्या बऱ्याच काळात त्याचे प्रकाशसंश्लेषण चालू राहते. मात्र शोषलेला सर्व कर्ब साठून राहत नाही. त्याचा काही भाग श्वसनावाटे लगेच हवेत परततो. फळांतील कर्ब तेलाच्या रूपाने बागेबाहेर जातो आणि तेलाच्या सेवनानंतर पुन्हा वातावरणात मिसळतो. खोड, जाड फांद्या, मुळे आणि माती यांत जो उरतो, तोच खरा साठा होय.

लाकडाच्या शुष्क वजनात साधारण निम्मा कर्ब असतो. एक किलो कर्ब म्हणजे सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड, कारण या दोहोंच्या भारांचे प्रमाण १२ : ४४ असे आहे. म्हणजेच एखाद्या झाडाचे शुष्क वजन १०० किलोंनी वाढले, तर त्याने सुमारे १८३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेतून काढून साठवला, असे म्हणता येते.

मातीचे महत्त्व

ऑलिव्ह उत्पादनात स्पेनचा जगात पहिला क्रमांक लागतो आणि त्या देशातील बहुतांश उत्पादन अंदालुसिया प्रांतात होते. तेथील अनेक बागा डोंगरउतारांवर आहेत. पाण्यासाठी झाडांशी स्पर्धा नको, म्हणून दोन ओळींमधील जमीन वारंवार नांगरून उघडी ठेवण्याची तेथे जुनी प्रथा आहे. नांगरणीने मातीतील सेंद्रिय पदार्थांचे विघटन वेगाने होते आणि पावसाबरोबर सुपीक थर वाहून जातो. झाडे कर्ब साठवत असतानाच माती तो गमावते, अशी विसंगती त्यातून निर्माण होते.

यावर तीन उपाय सांगितले जातात : ओळींमध्ये गवताचे जिवंत आच्छादन राखणे; छाटणीच्या फांद्या न जाळता त्यांचे तुकडे करून जमिनीवर पसरणे; आणि तेलघाण्यातील चोथ्याचे कंपोस्ट करून ते बागेला देणे. गवत उन्हाळ्यापूर्वी कापावे लागते, अन्यथा ते झाडांचे पाणी पळवते. युरोपीय संघाच्या २०२३ ते २०२७ या काळासाठीच्या सामाईक कृषी धोरणांतर्गत स्पेनमधील शेतकऱ्यांना अशा आच्छादनासाठी साहाय्य देण्याची तरतूद आहे. कर्बसाठवणुकीचा लाभ साऱ्या जगाला मिळत असेल, तर तिचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडू नये, हे त्यामागील सूत्र म्हणता येईल.

मर्यादा

हा साठा अमर्याद नाही आणि कायमचाही नाही. काही दशकांनंतर माती नव्या समतोलाला पोहोचते व वाढ मंदावते. इटलीच्या अपुलिया प्रदेशात २०१३ मध्ये झायलेला या जिवाणूचा प्रादुर्भाव आढळला. पुढे लाखो झाडे वाळली आणि शतकांचा साठा धोक्यात आला. शिवाय नत्रयुक्त खतांमुळे बाहेर पडणारा नायट्रस ऑक्साइड, पंपांची वीज व यंत्रांचे इंधन हे सारे हिशेबातून वजा करावे लागते. दाट लागवडीच्या आधुनिक बागा आरंभी वेगाने कर्ब शोषतात. परंतु त्यांचे आयुष्य पारंपरिक बागांच्या तुलनेत बरेच कमी असते.

भारताच्या दृष्टीने

राजस्थानात २००७ मध्ये इस्रायली तंत्रज्ञान आणि पुण्यातील एका खासगी कंपनीच्या सहभागाने ऑलिव्ह लागवडीचा प्रकल्प हाती घेण्यात आला. तेथील बागा ठिबक सिंचनावर वाढविण्यात आल्या. कोरड्या प्रदेशात उपसलेल्या पाण्याचा ऊर्जाखर्च विचारात घेतल्याशिवाय अशा बागांचे कर्बमूल्य ठरविता येणार नाही.

व्यापक धडा मात्र आंबा, काजू, संत्रा अशा आपल्या सर्वच फळबागांना लागू पडतो. वने व वृक्षाच्छादनाद्वारे २०३० पर्यंत २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतका अतिरिक्त कर्बसाठा निर्माण करण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार, एक हेक्टर वा त्याहून मोठ्या क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता किमान १० टक्के असल्यास फळबागही वनाच्छादनात मोजली जाते. परंतु उपग्रहाला झाडांचे छत्र दिसते, त्याखालच्या मातीतील कर्ब दिसत नाही. म्हणूनच बाग किती पसरली, याबरोबरच ती कशी जोपासली, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. छाटणीची फांदी जाळायची की कुजवायची, या शेतकऱ्याच्या साध्या निर्णयावरही बागेचा कर्बाचा ताळेबंद अवलंबून असतो.