कानातला वाटाड्या : आधी चिकपेट, मग परदेश

मुलांकडे परदेशी गेलेल्या ज्येष्ठांची तक्रार बहुधा एकच असते : मुलगा-सून कामावर गेले की दिवस चार भिंतींत सरतो. वाटाड्या घ्यावा तर त्याचा तासाचा दर रुपयांत गुणताच पाय मागे येतो. अशा वेळी विनामूल्य ध्वनिमुद्रित पदयात्रा फार उपयोगी पडते. ती भ्रमणध्वनीवर उतरवून घ्यायची आणि निवेदन ऐकत, त्यात सांगितलेल्या मार्गाने चालायचे. कल्पना जुनी आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ मध्येच प्रेक्षकांना रेडिओलहरींद्वारे चित्रांची माहिती ऐकविली होती. आज रिक स्टीव्ज या अमेरिकी प्रवासलेखकाने रोम, पॅरिस, लंडन इत्यादी शहरांच्या पदयात्रा विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत.

मात्र ऐकणे, पाहणे आणि चालणे एकाच वेळी साधणे वाटते तितके सोपे नाही. त्याचा सराव स्वदेशी, ओळखीच्या रस्त्यावर करावा. बंगळुरूच्या ग्राहकांना त्यासाठी चिकपेटसारखी दुसरी जागा नाही. जून २०१७ पासून येथे भुयारी मेट्रोने उतरता येते. चिकपेट म्हणजे लहान पेठ. मोठी पेठ, म्हणजे दोड्डपेटे, हीच आजचा अव्हेन्यू रोड. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेल्या या नगरात अक्कीपेट तांदळाची, अरळेपेट कापसाची, बळेपेट बांगड्यांची, कुंबारपेट कुंभारांची. नावांचा अर्थ कानी पडताच पाट्यांना बोलता येऊ लागते.

मराठी माणसाचे या पेठेशी जुने नाते आहे. विजापूरच्या फौजेने १६३८ मध्ये बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. पुढे मोगलांनी ते जिंकले व १६८७ मध्ये म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात दिले, असे इतिहासग्रंथ सांगतात. (सबंध शहराचा हा व्यवहार आजच्या गृहकर्जदारांस विशेष रंजक वाटेल.) साड्यांच्या दुकानांमधून, हातगाड्या चुकवीत जाणाऱ्याला यातले काहीही डोळ्यांनी दिसत नाही. ते कानांनीच ऐकावे लागते, आणि निवेदनाचे खरे मोल तेथेच आहे.

धोकाही तेथेच आहे. विनामूल्य निवेदन कोणीही तयार करू शकतो. ते तपासलेले असेलच असे नाही. चिकपेट आणि दोड्डपेटे यांच्या चौकातून चार दिशांना बैलजोड्या हाकून केंपेगौडांनी नगराची आखणी केली, ही आख्यायिका होय. उलट व्यंकोजीराजांच्या काळातील १६६९ चा शिलालेख मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिरात आहे, तो पुरावा. दोन्ही एकाच सुरात सांगितले जातात, तेव्हा निवड श्रोत्यानेच करावयाची असते.

सरावास दुकाने उघडण्यापूर्वीची सकाळ बरी. एक कान मोकळा ठेवावा, रस्ता ओलांडताना निवेदन थांबवावे, आणि माहिती ऐकायची ती एखाद्या पायरीशी उभे राहून. परदेशात काही ठिकाणी वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून ही सवय तेथे अधिकच मोलाची.

निघण्यापूर्वी निवेदन व नकाशा दोन्ही घरच्या वाय-फायवर उतरवून घ्यावेत आणि परदेशी डेटा रोमिंग बंद ठेवावे. अन्यथा फुकटाची सहल देयकात वसूल होते. उतरविलेल्या नकाशावर आपले स्थान इंटरनेटविना दिसते. विनामूल्य म्हणविणाऱ्या अ‍ॅपने कार्डाचा क्रमांक मागितल्यास तो देऊ नये. ‘मोफत पदयात्रा’ या नावाने प्रत्यक्ष वाटाड्याही फिरवितात; तेथे शेवटी बक्षिसी अपेक्षित असते. संग्रहालयाचे तिकीट मात्र दोन्हींत वेगळेच.

इंग्रजी निवेदन न समजणाऱ्या आईवडिलांसाठी मुलांनी आदल्या रात्री ते ऐकून त्याचे सार मराठीत, स्वतःच्या आवाजात मुद्रित करून द्यावे. प्रत्येक थांब्याचा वेगळा तुकडा करावा, आणि शेवटच्या तुकड्यात घरी परतण्याच्या बसचा क्रमांक सांगण्यास विसरू नये.