पाहणे आणि विचार करणे : सृष्टीतून ईशस्मरणाकडे

बुद्धिमान कोणाला म्हणावे, हे दिव्य कुरआनने सूरह आलि इम्रानमध्ये (आयत 190-191) स्पष्ट केले आहे. आकाश व पृथ्वीची निर्मिती आणि रात्र व दिवसाचे एकामागून एक येणे यांत ज्यांना ईशचिन्हे दिसतात. जे उभे असता, बसले असता व पहुडले असता अल्लाहचे स्मरण करतात आणि सृष्टीच्या रचनेवर विचार करतात, ते बुद्धिमान. स्मरण (जिक्र) आणि मनन (तफक्कुर) या दोन गोष्टी येथे जोडीने आल्या आहेत. त्यापुढचा भाग अधिक लक्षणीय आहे. हे लोक सृष्टी पाहून अशा निष्कर्षाला येतात की, यातील काहीही व्यर्थ निर्माण केलेले नाही. आणि लगेच नरकाग्नीपासून संरक्षण मागतात. म्हणजे खऱ्या मननाचा प्रवास सौंदर्यापासून सुरू होतो आणि उत्तरदायित्वाच्या जाणिवेपाशी पोहोचतो. जेथे सारे काही सहेतुक आहे, तेथे माझे आयुष्य हेतुहीन कसे असेल, हा प्रश्न मनात उभा राहिला नाही, तर पाहणे झाले, मनन झाले नाही.

आपल्या अंगणातील चिन्हे

सूरह अल्-गाशियहमध्ये (आयत 17-20) उंट, आकाश, पर्वत आणि भूमी यांच्याकडे पाहण्याचे आवाहन आहे. अरबस्तानच्या वाटसरूसमोर रोज जे होते, त्याकडेच त्याचे लक्ष वेधले गेले. आपल्यासमोर काय आहे? गोंदिया जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. तिरोडा तालुक्यातील चोरखमारा येथे 1923 साली पूर्ण झालेला मातीचा बांध आणि त्यामागचा विस्तीर्ण तलाव आहे. त्याला लागून नागझिऱ्याचे वन आहे. 1970 साली ते अभयारण्य झाले आणि 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. साग, ऐन, तेंदू, मोह आणि बांबू एकाच मातीतून, एकाच पावसावर वाढतात. तरी प्रत्येकाचे पान वेगळे, फळ वेगळे, उपयोग वेगळा. सूरह फातिरमध्ये (आयत 27-28) एकाच पाण्यातून निघणाऱ्या विविधरंगी फळांचा उल्लेख करून पुढे सांगितले आहे की, अल्लाहचे खरे भय त्याच्या दासांपैकी ज्ञानवंतच बाळगतात. हिवाळ्यात या तलावांवर दुरून पाहुणे पक्षी येतात. पंख पसरणाऱ्या व मिटणाऱ्या पक्ष्यांना कोण सावरून धरतो, हा सूरह अल्-मुल्कचा (आयत 19) विषय मुलांना पुस्तकापेक्षा तलावाच्या पाळीवर लवकर उमगतो.

हिरा गुहा ते मस्जिद

एकांताची परंपरा आपल्यात नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) प्रेषितत्वापूर्वी शिधा बरोबर घेऊन हिरा गुहेत अनेक रात्री ईशभक्तीत घालवीत, तो संपला की माननीय खदीजा (रजि.) यांच्याकडे परत येत. पहिली वह्य तेथेच अवतरली. परंतु त्यानंतर पैगंबरांनी गुहेला निवासस्थान केले नाही. मदीनेत त्यांचा एकांत मस्जिदमध्ये आला. रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत ते एतिकाफ करीत आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी तो वीस दिवसांचा होता. त्यांच्या पश्चात त्यांच्या पवित्र पत्नींनीही एतिकाफ केला. अर्थात, इस्लामचा एकांत वस्तीच्या मध्यभागी आहे आणि त्याला मुदत आहे. लोकांत मिसळून त्यांचा त्रास सोसणारा श्रद्धावंत हा न मिसळणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ होय, असा हदीसचा (तिर्मिजी, इब्ने माजा) आशय आहे.

म्हणून एक भेद नीट लक्षात घ्यावा. एतिकाफ ही उपासना आहे, तिची पद्धत ठरलेली आहे. कुटुंबांनी मिळून वनात किंवा तलावाकाठी घेतलेले मननाचे शिबिर हे केवळ साधन आहे. त्याला स्वतंत्र पुण्यविधीचे रूप देऊ नये. मात्र साधन म्हणून त्याची उपेक्षाही करू नये.

एका दिवसाची आखणी

चार-सहा कुटुंबे मिळून असा एक दिवस सहज योजू शकतात. प्रवासात तिघे असले तरी एकाला अमीर नेमावे, ही पैगंबरांची शिकवण (अबू दाऊद) आहे. तिच्याने वेळ व शिस्त दोन्ही राहतात. परिसरात वन्यप्राण्यांचा वावर असल्याने फज्रची नमाज मुक्कामीच जमाअतने अदा करावी आणि चांगले उजाडल्यावर बाहेर पडावे. वनखात्याचे नियम काटेकोर पाळावेत. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच हदीसची (तिर्मिजी) शिकवण आहे.

मोबाईल बंद ठेवून प्रत्येकाने अर्धा तास मौन पाळावे. नंतर एखाद्या आयतचे पठण व अर्थ सांगून स्त्रिया, पुरुष व मुले यांनी आपण काय पाहिले आणि त्यातून काय कळले, हे थोडक्यात मांडावे. वडीलधाऱ्यांनी मुलांचे बोलणे तोडू नये.

आचरणाची परीक्षा तेथेच सुरू होते. पाणवठा, रस्ता आणि सावलीची जागा घाण करणे हे शापास कारण ठरते, असा इशारा हदीसमध्ये (अबू दाऊद) आहे. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली, तेव्हा तिची तडफड पाहून पैगंबरांनी ती परत ठेवावयास लावली (अबू दाऊद). तलावावर तस्बीह करून काठावर पत्रावळी व प्लास्टिक टाकून येणाऱ्याने चिन्ह पाहिले, पण वाचले नाही.

परतल्यानंतर

अशा दिवसानंतर मन हळवे होते आणि आठवड्याभरात पूर्ववत होते. पुष्कळजण यामुळे निराश होतात. माननीय हन्जला (रजि.) यांनाही हीच व्यथा होती. पैगंबरांच्या सहवासात स्वर्ग-नरक जणू डोळ्यांसमोर दिसतात. घरी जाताच पत्नी, मुले व व्यवसायात बरेच विसरायला होते, म्हणून त्यांनी स्वतःला दांभिक ठरविले. पैगंबरांनी त्यांना धीर दिला की, ती अवस्था सतत टिकली असती तर देवदूतांनी तुमच्याशी हस्तांदोलन केले असते. परंतु वेळ याचीही असते आणि त्याचीही (मुस्लिम).

यात आपल्यासाठी दिलासा आहे आणि कसोटीही. भावना ओसरेल, सवय टिकवता येते. परतताना प्रत्येक कुटुंबाने एकच निश्चय करावा : रोज फज्रनंतर दहा मिनिटे आकाशाखाली, गच्चीवर का होईना, एक आयत आणि तिच्यावर विचार. महिन्याने घरातच त्याचा आढावा घ्यावा. शेजाऱ्याशी बोलणे मृदू झाले का, व्यवहारात चोख झालो का, नमाजेत मन लागते का, हे स्वतःला विचारावे. चोरखमाऱ्याचे पाणी पाळ फोडून वाहिले असते, तर शेते बुडाली असती. पाळीने अडविले म्हणून ते धानापर्यंत पोहोचते. आपल्या भावनांनाही नियमाची अशीच पाळ हवी.

हे अल्लाह! आम्हाला पाहणारे डोळे, विचार करणारे अंतःकरण आणि पाहिलेले आचरणात उतरविण्याची शक्ती प्रदान कर. आमीन.