निजलेली शक्ती
मुलांनो, घरातील इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. एवढ्या अल्प दाबाने कोरड्या हातास सहसा झटका बसत नाही. परंतु म्हणून ती निरुपद्रवी आहे असे समजू नये. लोखंडी पाना तिच्या दोन्ही अग्रांवर आडवा पडला, तर त्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहून तो क्षणात तापतो व ठिणग्या उडतात. बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू निघतो. ठिणगीने त्याचा स्फोट झाल्यास आतील गंधकाम्ल डोळ्यांत उडते. म्हणूनच जाणता कारागीर कामापूर्वी अंगठी काढून ठेवतो आणि खिडक्या उघडतो. बाहेरची वीज गेली, तरी इन्व्हर्टर घरातील तारांत २३० व्होल्ट सोडीत असतो, हे तो विसरत नाही. शक्ती निजलेली दिसली, तरी ती जागीच असते.