विनोदी अद्भुतिका : कुमारांसाठी सचित्र कादंबरी

मागील घटकात आपण बालसाहित्य आणि कुमारसाहित्य यांतील भेद पाहिला. या घटकात साधारणतः ९ ते १३ वर्षांच्या वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या विनोदी, सचित्र, अद्भुतरम्य कादंबरीचा विचार करावयाचा आहे. मराठीत हा प्रकार विपुल नाही. मुलांच्या हाती द्यावयाच्या पुस्तकाने संस्कार केलेच पाहिजेत, ही अपेक्षा आपल्याकडे दीर्घकाळ प्रबळ राहिली. ज्या कथेत केवळ गंमत आहे, तिच्याकडे वडीलधारे काहीसे संशयानेच पाहत आले. आपल्यापैकी अनेक जण स्वतः पालक अथवा शिक्षक आहेत. हा संशय आपल्या मनात कितपत आहे, हे पाठ वाचताना तपासून पाहावे.

४.१ अद्भुताचे नियम

या प्रकाराचा जगन्मान्य नमुना म्हणजे लुईस कॅरलची १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेली ॲलिसची कादंबरी. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी ‘जाईची नवलकहाणी’ या नावाने ती मराठीत आणली. नायिकेचे नाव जाई होताच तिचे घर, तिचे खाणे, तिची थट्टा हे सारे मराठी करण्याची जबाबदारी लेखकावर येते. त्यातही सर्वांत अवघड भाग श्लेषाचा. मूळ पुस्तकात उंदराची गोष्ट शेपटीच्या आकारात छापली आहे, कारण इंग्रजीत ‘गोष्ट’ आणि ‘शेपूट’ या शब्दांचे उच्चार सारखे आहेत. मराठीत हे साम्य नाही. मात्र मराठीची स्वतःची शब्दसंपत्ती आहे : समुद्राची भरती आणि सैन्यातली भरती यांसाठी आपल्याकडे एकच शब्द आहे. हा श्लेष कोठून आयात करावा लागत नाही. तो किनाऱ्यावर रोज दोन वेळा येतो.

अद्भुतात काहीही घडू शकते, हा समज सोडून द्यावा. जेथे काहीही घडू शकते, तेथे कशाचेच नवल वाटत नाही आणि हसूही येत नाही. एक अशक्य गोष्ट गृहीत धरावी आणि तिचे नियम कारकुनी काटेकोरपणाने पाळावेत, म्हणजे विनोद आपोआप निर्माण होतो.

उदाहरणासाठी रायगडच्या किनाऱ्याकडे वळू. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. भरतीला होडी लागते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर परंपरेने चालत आला आहे. म्हणजे अष्टमीला सुमारे सहा वाजता पूर्ण भरती. कोणत्याही जादूच्या दरवाजाला याहून चोख वेळापत्रक नसेल! या किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा आहेत. त्या इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये ओतल्या गेल्या. त्याच अलिबाग शहरात १९०४ पासून भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत कुलाबा येथे विजेच्या ट्रामगाड्यांमुळे चुंबकीय नोंदींत व्यत्यय येणार, म्हणून हे काम येथे हलवले गेले आणि वेधशाळेच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले गेले.

आता समजा, रात्रीच्या ओहोटीत या तोफांना चालता येते, एवढे एकच अशक्य आपण मान्य केले. त्यांना शहर पाहावयाचे आहे. परंतु वेधशाळेत लोखंडाला प्रवेश नाही. तोफ कुंपणापाशी रेंगाळली, की आत सुई थरथरते. कर्मचारी चष्मा पुसून ती नोंद गंभीरपणे वहीत उतरवतो. पहाटे पाणी चढण्यापूर्वी तोफांनी परतले पाहिजे, आणि त्यांतल्या एकीला तिथी मोजताच येत नाही. कथानक येथून स्वतःच्या पायांनी, म्हणजे चाकांनी, चालू लागते. पंचांग, सुई आणि वही या तीन खऱ्या वस्तू एका खोट्या गोष्टीला आधार देतात.

४.२ चित्राचे काम

चित्र म्हणजे मजकुराची शोभा नव्हे. ‘तोफ रात्रभर जागची हलली नाही’ असे निवेदक लिहितो आणि चित्रात ओल्या वाळूवर चाकांचे दोन चरे दिसतात. येथे वाचकाला निवेदकापेक्षा अधिक कळते. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांपेक्षा अधिक कळण्याचे प्रसंग जीवनात फारसे लाभत नाहीत. त्याच्या हसण्यात हा विजयही मिसळलेला असतो. ॲलिसच्या पहिल्या आवृत्तीत जॉन टेनिएल यांची ४२ चित्रे होती, ही संख्या याच दृष्टीने पाहावी.

४.३ हसू कोणावर?

हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. समोरच्याला भोळसट ठरविण्यासाठी ‘अलिबागहून आलास का?’ असे विचारण्याची रीत आपण ऐकली असेल. या वाक्प्रयोगावर बंदी घालावी, अशी याचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आली. न्यायालयाने ती फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच वाटतो. मात्र शाळेत हे वाक्य ऐकणाऱ्या अलिबागच्या मुलाचे त्याने समाधान होत नाही. ते समाधान साहित्य करू शकते. वरील कथेत भरतीची वेळ फक्त अलिबागच्या मुलीला ठाऊक आहे, अशी कल्पना करा. शहरातून आलेले सर्वज्ञ पाहुणे किल्ल्यात अडकले आहेत आणि तिने शांतपणे विचारले, ‘आपण अलिबागचे नाही वाटतं?’ वाक्य जवळजवळ तेच राहिले. हसू मात्र उलटे फिरले.

‘कोळी’ आणि ‘जाळे’ या शब्दांचेही असेच आहे. मासेमार आणि भिंतीवरचा अष्टपाद जीव या दोघांनाही आपण कोळी म्हणतो, आणि जाळे दोघांचेही असते. भिंतीवरचा कोळी मासेमाराकडे जाळे विणण्याची शिकवणी मागू लागला, तर त्यात निर्मळ विनोद आहे. मासेमारालाच जीवजंतू मानून हसणे हा मात्र जातीचा अपमान होय. शब्द दोन्हीकडे तेच. लेखक कोणाच्या बाजूला उभा आहे, यावर सर्व अवलंबून.

रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण येथे आठवावी. तेथे मुले हसतात ती दुर्बळावर नव्हे, तर ज्याची भीती वाटते त्यावर.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील एखादी खरी वास्तू अथवा रूढी निवडा. तिच्याविषयी एकच अशक्य गोष्ट गृहीत धरून तिचे तीन नियम लिहा आणि त्यांतील एक नियम मोडल्यास काय गोंधळ होईल, ते दीडशे शब्दांत सांगा.

२. त्याच प्रसंगासाठी मजकुराला खोटे पाडणारे एक चित्र शब्दांत वर्णन करा. जमल्यास घरातील एखाद्या मुलाला प्रसंग वाचून दाखवा आणि ते कोठे हसले, याची समासात नोंद करा.