कायोटीची शिकार: पहिली सकाळ

रात्री घराच्या मागून आधी कुई-कुई आणि मग लांबलचक हेल, असा आवाज तुम्ही कधी ऐकलाय का? तो कायोटी. लहानपणी आमच्या गावी शेताच्या कडेनं कोल्हेकुई ऐकू यायची. म्हणून टेक्ससमध्ये हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी म्हणालो, "अरे, इथे पण कोल्हे!"

पण कायोटी म्हणजे कोल्हा नव्हे आणि लांडगाही नव्हे. दोघांचा चुलतभाऊ म्हणा. त्याचं वजन साधारण २५ ते ४० पौंड असतं. आपल्याकडे हा प्राणी नाहीच, म्हणून मराठीत त्याला वेगळं नाव नाही. त्याचं नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलं.

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राचे काका शेळ्या-मेंढ्या पाळतात. कायोटी त्यांची कोकरं पळवतात. मित्र एकदा म्हणाला, "शनिवारी शिकारीला जातोय. येतोस का?" मी गोंधळलो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. शिकार मी फक्त गोष्टीत वाचली होती. शेवटी ठरवलं, बंदुकीला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

मित्रानं आधी तयारी समजावून सांगितली.

पहिली गोष्ट परवाना. टेक्ससमध्ये कायोटीची शिकार वर्षभर करता येते, पण त्यासाठी शिकारीचा परवाना लागतो. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा कोर्सही करावा लागतो. नाहीतर जाणत्या, परवाना असलेल्या मोठ्या माणसासोबतच जावं लागतं. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात, म्हणून ते आधी वाचायचे.

दुसरी गोष्ट परवानगी. टेक्ससमधली बहुतेक जमीन खाजगी आहे. मालकाला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडायचं नाही.

तिसरी गोष्ट वारा. कायोटीचं नाक फार तिखट. वारा आपल्या तोंडावर येईल असं बसायचं. तरीही तो वळसा घालून मागून वास घ्यायला बघतो.

चौथी गोष्ट सुरक्षा. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी सुरक्षित दिशेला ठेवायची. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि समोर काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे नक्की कळल्याशिवाय गोळी झाडायची नाही.

शनिवारी उजाडायच्या आत आम्ही एका झुडपामागे दबा धरून बसलो. मित्रानं शिट्टी वाजवली. तिचा आवाज जखमी सशाच्या ओरडण्यासारखा होता. मग शांतता. मी कानोसा घेत होतो. माझ्याच छातीची धडधड मला ऐकू येत होती.

दहा-बारा मिनिटांनी गवत हललं. करड्या रंगाचा, उभ्या कानांचा एक प्राणी पुढे आला. "कायोटी!" मी पुटपुटलो. मित्रानं बंदूक उचलली, दुर्बिणीतून पाहिलं आणि हळूच खाली घेतली.

"काय झालं?"

"गळ्यात पट्टा आहे."

तो शेजारच्या रँचवरचा कुत्रा होता. माझ्या हातात बंदूक असती तर? त्या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

त्या दिवशी एकही कायोटी आला नाही. परत आलो तेव्हा काका कोकरं मोजत होते. एक कमी भरलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला आठवतो.

घरी येऊन मी बरंच वाचलं. माणूस शंभरहून जास्त वर्षं कायोटी मारतोय, तरी आज तो हवाई सोडून अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत आहे. कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये कायोटी मारण्याच्या स्पर्धांत बक्षिसं द्यायला बंदी केली. म्हणजे कोकरू वाचवण्यासाठी मारणं वेगळं आणि बक्षिसासाठी मारणं वेगळं, असं तिथे लोकांना वाटलं.

मी अजून शिकार केलेली नाही. पण त्या सकाळी एक कळलं: शिकार शिकताना बंदूक उचलण्याइतकंच ती खाली ठेवणंही शिकावं लागतं.

शब्दार्थ
कोल्हेकुई – कोल्ह्यांचं ओरडणं
कोकरू – मेंढीचं पिल्लू
दबा धरणे – लपून वाट पाहणे
कानोसा घेणे – लक्ष देऊन ऐकणे
चाप – बंदूक झाडण्यासाठी ओढायचा भाग
अंगावर काटा येणे – भीतीनं शहारणे

प्रश्न
१. कायोटीला मराठीत वेगळं नाव का नाही?
२. मित्रानं बंदूक खाली का घेतली?
३. 'दबा धरणे' आणि 'कानोसा घेणे' हे वाक्यात वापरा.
४. तुम्ही काकांच्या जागी असता तर काय केलं असतं? घरी आजी-आजोबांशी बोला आणि पाच वाक्यं लिहा.