गाडी गरम झाली, कूलंट संपलं : हेड उघडण्याआधी काय तपासायचं आणि बिल कसं बनवायचं?



गॅरेज टाकायचं ठरवताय किंवा नुकतंच टाकलंय, तर आजचा धडा तुमच्यासाठी. व्हिडिओत सगळं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे पायरी-पायरीने लिहितोय. हा लेख प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीला लावला तरी चालेल.

समजा, मे महिना आहे. घाट चढताना एका टॅक्सीवाल्याची गाडी गरम झाली, बंद पडली आणि टो करून तुमच्या दारात आली. त्याचा रोजचा धंदा बंद आहे. तो विचारतो, "दादा, किती खर्च येईल?" इथे नवा गॅरेजवाला घाईत एक आकडा बोलून बसतो. तिथेच नुकसान सुरू होतं. आकडा निदानानंतर द्यायचा.

आधी कारण समजून घ्या

कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नाही. साधं पाणी १०० अंशांला उकळतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असेल, आणि रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवत असेल, तर तेच मिश्रण १२० अंशांच्याही वर गेल्यावर उकळतं. होज फाटला, पंपाचं सील गेलं किंवा नुसतं झाकण ढिलं झालं, तरी दाब जातो, उकळी लवकर फुटते आणि वाफेबरोबर कूलंट बाहेर पडतं.

खरं नुकसान हेडचं होतं. बहुतेक गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. बीडाच्या लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम तापल्यावर साधारण दुप्पट फुगतं. वरून बोल्टांनी आवळलेलं असल्यामुळे त्याला फुगायला जागा मिळत नाही, मग ते वाकतं. हेड वाकलं की गॅस्केटची पकड सुटते.

एक गोष्ट ग्राहकालाही सांगा. कूलंट फारच कमी झालं की सेन्सर द्रवात बुडलेला राहत नाही, त्यामुळे काटा कधीकधी खाली आलेला दिसतो. "काटा तर नॉर्मल होता" असं ग्राहक म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही.

निदानाच्या सहा पायऱ्या

१. प्रश्न विचारा. गरम झाल्यावर गाडी किती अंतर चालवली? वरून गार पाणी ओतलं का? आधी कूलंट किती दिवसांनी भरावं लागत होतं? उत्तरं जॉब कार्डवर लिहा.

२. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना झाकण उघडायचं नाही. उकळता फवारा तोंडावर येतो. हा नियम हाताखालच्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवा.

३. बाहेरची गळती शोधा. होजची तोंडं, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा जोड, थर्मोस्टॅटचं घर, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, सगळीकडे सुकलेल्या कूलंटचे पांढरे-हिरवे डाग दिसतात का पाहा. पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं असेल तर हीटरचा कोअर तपासा.

४. प्रेशर टेस्ट करा. पंप लावून झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या आणि १०-१५ मिनिटं थांबा. काटा उतरला आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर गळती आत आहे असं धरा. झाकणही वेगळं तपासा.

५. ऑइल आणि धूर पाहा. डिपस्टिकवर दुधी चहासारखं ऑइल दिसलं तर पाणी मिसळलंय. पण फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस असेल तर घाई नको. पावसाळ्यात कमी अंतर चालणाऱ्या गाडीत तो दमटपणामुळेही येतो. काही गाड्यांत ऑइल कूलर फुटल्यानेही ऑइल-कूलंट एकत्र होतं, म्हणून दुधी ऑइल दिसलं की लगेच "गॅस्केट गेलं" म्हणायचं नाही. इंजिन तापल्यावरही थांबत नाही असा गोडसर वासाचा पांढरा धूर मात्र कूलंट जळत असल्याची खूण आहे.

६. गॅस टेस्ट आणि कॉम्प्रेशन. रेडिएटरच्या तोंडावर लावायची रासायनिक टेस्टर नळी मिळते. पेट्रोल गाडीत जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळं द्रव पिवळं पडतं. मग कॉम्प्रेशन मोजा. शेजारच्या दोन सिलिंडरांचं कमी भरलं तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेल्याची शक्यता जास्त.

या सहा पायऱ्यांनंतरच ग्राहकाला फोन करा.

हेड उतरवलं, आता काय?

बोल्ट बाहेरून आतल्या बाजूला, थोडे थोडे सोडा. थंड इंजिनवरच सोडा, नाहीतर चांगलं हेडही वाकेल. पृष्ठभाग साफ करून सरळपट्टी आणि फीलर गेजने उभं, आडवं, तिरपं मोजा. बऱ्याच पेट्रोल इंजिनांची मर्यादा ०.०५ मि.मी.च्या आसपास असते, पण आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. ब्लॉकवरही पट्टी ठेवा. हेड सरळ केलं आणि ब्लॉक तसाच ठेवला, तर काम परत येणार.

हेड लेथवाल्याकडे द्याल तेव्हा फेसिंगआधी प्रेशर टेस्ट मागा. चीर गेलेलं हेड फेस करून पैसे वाया जातात. ऑइलमध्ये कूलंट मिसळून गाडी चालली असेल तर बेअरिंग तपासल्याशिवाय हमी देऊ नका.

बसवताना बोल्टची भोकं कोरडी करा. भोकात कूलंट साचलेलं असेल तर टॉर्क चुकतो, ब्लॉकला चीरही जाऊ शकते. ताणून बसणारे बोल्ट एकदाच वापरायचे, ते नवेच घ्या. टॉर्क रेंच आणि मॅन्युअलमधला क्रम, यात अंदाज चालत नाही. शेवटी सिस्टम फ्लश, नवं ऑइल-फिल्टर, कंपनीने सांगितलेलंच कूलंट, आणि हवा पूर्ण काढणं. रंग बघून कूलंट निवडू नका. आणि मूळ गळती दुरुस्त केली का, ते पुन्हा एकदा बघा!

आता धंद्याचं गणित

उदाहरणासाठी आकडे घेऊ, तुमच्या गावचे तुम्ही टाका. गॅस्केट किट ४,०००, बोल्ट १,५००, लेथ २,५००, ऑइल-कूलंट-फिल्टर ३,५००, पंप आणि होज २,५००. सामान आणि बाहेरचं काम मिळून १४,००० रुपये. मजुरी ८,०००. बिल २२,०००.

हेच काम परत आलं तर? किट, बोल्ट, ऑइल-कूलंट मिळून ९,००० खिशातून. पहिली मजुरी गेलीच, पुढच्या गाडीची ८,००० मजुरीही पुरत नाही. लेथचा खर्च तर अजून धरलाच नाही. प्रेशर टेस्टची पंधरा मिनिटं वाचवण्याची ही किंमत आहे.

म्हणून एस्टिमेट तीन टप्प्यांत लिहून द्या:

- पहिला टप्पा, निदान. याचे ठरावीक पैसे घ्या. गाडी इथेच दुरुस्त केली तर ते बिलातून वजा करा.
- दुसरा टप्पा, हेड उतरवून मोजणी. फोटो काढून ग्राहकाला पाठवा.
- तिसरा टप्पा, दुरुस्ती. ग्राहकाची लेखी संमती, मोबाइलवर आली तरी चालेल, मिळाल्यावरच सामान मागवा.

दुसऱ्या टप्प्यानंतर खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल तर तसं स्पष्ट सांगा. जुनं इंजिन टाकणं किंवा गाडी विकणं हे पर्यायही समोर ठेवा. त्या टॅक्सीवाल्याच्या घरचा हप्ता या निर्णयावर अवलंबून असतो. आज एक काम हातचं जाईल, पण तो स्टँडवर जाऊन तुमचं नाव चांगलंच घेईल.

सोडलेलं जुनं कूलंट गटारात टाकू नका. ते विषारी आहे आणि चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा उचलणाऱ्याकडे द्या.

या आठवड्याचं काम : तीन टप्प्यांचं जॉब कार्ड वहीत आखा. तुमच्या भागातल्या दोन लेथवाल्यांकडे फेसिंग आणि हेडच्या प्रेशर टेस्टचा दर विचारा. आणि पहिली मोठी खरेदी चकाचक बोर्डाची नको. कूलिंग प्रेशर टेस्टर आणि चांगला टॉर्क रेंच घ्या. बोर्ड पुढच्या महिन्यात लावता येईल.