पहिला तास आणि शिकलेले हात



आपल्या जिल्ह्यात ‘सीपीआर’ म्हटले की लहान पोरसुद्धा टाऊन हॉलसमोरच्या मोठ्या इमारतीकडे बोट दाखवते. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचे हे सुटसुटीत नाव. जुनी माणसे त्यालाच थोरला दवाखाना म्हणतात. पण डॉक्टरी विद्येत याच तीन अक्षरांचा अर्थ निराळा आहे. बंद पडलेले हृदय छातीवर दाब देऊन चालते ठेवायचे आणि श्वास पुरवायचा, या क्रियेला जगभर सीपीआर म्हणतात. पहिला सीपीआर शहरात आहे. दुसरा मात्र गावच्या डॉक्टरच्या, नर्सबाईच्या आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाच्या हातात असावा लागतो. तो तिथे नसेल, तर थोरल्या दवाखान्यापर्यंत माणूस जिवंत पोचेलच असे नाही. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

आमचाच एक अनुभव

मागे एका हंगामात रात्री अकराच्या सुमारास भरलेली ट्रॉली उताराला उलटली. ट्रॅक्टरवरचा पोरगा लांब फेकला गेला. आरडाओरडा झाला, गाव धावले. कोणी पाणी पाजायला बघितले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. मग चौघांनी हातापायाला धरून उचलला आणि जीपच्या मागच्या बाकावर दुमडून घातला. पहिल्या दवाखान्यात सांगितले, “इथं काय व्हायचं नाही, पुढं न्या.” दुसरीकडेही तेच. शहर गाठेपर्यंत दीड तास गेला. पोरगा वाचला, पण कमरेखाली आजही हालचाल नाही. मणका पडताना मोडला की उचलताना दुखावला, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. उचलणाऱ्या चौघांत आम्हीही होतो, म्हणून ही गोष्ट मनातून जात नाही.

त्या रात्री माया कोणाची कमी नव्हती. धावपळही कमी नव्हती. शिक्षण कमी होते. आमचे होतेच, पण ज्यांनी “पुढं न्या” म्हटले त्यांचेही होते.

हे शिक्षण एका शेतात जन्मले

अपघातग्रस्ताला पहिल्या तासात कसे हाताळावे याचा जो अभ्यासक्रम आज 80 हून अधिक देशांतले डॉक्टर शिकतात, त्याचे मूळ अमेरिकेतल्या नेब्रास्का या शेतीप्रधान राज्यात आहे. फेब्रुवारी 1976 मध्ये जेम्स स्टायनर हे हाडांचे सर्जन स्वतःचे छोटे विमान चालवत कुटुंबासह घरी निघाले होते. विमान रात्री शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली. चार मुले जखमी झाली, त्यांतली तीन गंभीर. स्वतः जखमी असलेल्या स्टायनर यांनी रस्त्यावरची गाडी थांबवून मुलांना जवळच्या लहान दवाखान्यात नेले, तर दाराला कुलूप. दार उघडल्यावरही तिथल्या माणसांना अशा जखमींचे काय करायचे ते नीट ठाऊक नव्हते. भर शेतात, हाताशी काही नसताना आपण मुलांची जी काळजी घेतली ती या दवाखान्यापेक्षा बरी होती, हे त्यांना फार लागले.

पण त्यांनी त्या गावच्या डॉक्टरांना दोष देत बसण्याचे टाळले. यांना कोणी शिकवलेच नाही, हे त्यांनी ओळखले. सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी खेड्यातल्या डॉक्टरांसाठी अभ्यासक्रम बांधला. 1978 साली पहिला वर्ग भरला आणि 1980 साली अमेरिकन सर्जनांच्या संस्थेने तो देशभर नेला. हाच ‘ए.टी.एल.एस.’ होय. म्हणजे मोठ्या शहरातल्या तज्ज्ञासाठी नव्हे, तर तुमच्या-आमच्यासारख्या गावातल्या एकट्या डॉक्टरसाठी ही विद्या तयार झाली, हे ध्यानात घ्या.

यात शिकवतात काय?

मुख्य शिकवण एका वाक्यात सांगता येते: जे आधी मारते, ते आधी सांभाळा. रोगाचे पूर्ण निदान होईपर्यंत थांबू नका. त्यासाठी इंग्रजी मुळाक्षरांचा क्रम लावून दिला आहे.

ए – श्वासाची वाट मोकळी आहे का? जीभ मागे पडली असेल, रक्त वा उलटी अडकली असेल, तर ती काढायची. पण हे करताना मान हलू द्यायची नाही.

बी – श्वास चालतो का? छाती दोन्ही बाजूंनी सारखी वर येते का? फुफ्फुसाभोवती हवा कोंडली असेल तर ती डॉक्टरने तिथल्या तिथे बाहेर काढायची, फोटोची वाट पाहायची नाही.

सी – रक्त कुठून जाते? ते दाबून थांबवायचे, शिरेतून सलाईन वा रक्त सुरू करायचे. भळाभळा वाहणारे रक्त असेल तर ते सगळ्यात आधी, असे आता शिकवतात.

डी – शुद्ध किती आहे? डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का?

ई – कपडे काढून पाठीसकट सगळे अंग तपासायचे आणि थंडी वाजू नये म्हणून लगेच पांघरूण घालायचे.

हे सारे काही मिनिटांत करायचे आणि पेशंट बिघडला की पुन्हा ‘ए’ पासून सुरुवात. वाचायला सोपे आहे. पण रात्री दोन वाजता, बाहेर शंभर माणसे ओरडत असताना, हाच क्रम न चुकता करणे हे सरावाशिवाय जमत नाही. म्हणून या वर्गात व्याख्याने थोडी आणि हातकाम फार असते. पुतळ्यावर आणि जखमी झाल्याचे सोंग घेतलेल्या माणसावर तालीम होते, मग परीक्षा. मणका दुखावलेला माणूस चार-पाच जणांनी एका सुरात, ओंडका वळवावा तसा कसा वळवायचा, हेही तिथेच शिकवतात. त्या रात्री आम्हाला नेमके तेच ठाऊक नव्हते.

हृदय बंद पडले तर

हृदय थांबले की चार-पाच मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. यासाठी दोन पायऱ्यांचे शिक्षण आहे. पहिली ‘बी.एल.एस.’. ही डॉक्टर, नर्स, कंपाउंडर, रुग्णवाहिकेतला मदतनीस या सगळ्यांसाठी. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 या गतीने, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यायचे आणि दर 30 दाबांनंतर 2 श्वास. दुसरी ‘ए.सी.एल.एस.’. यात विजेचा झटका देणारे यंत्र, औषधे, हृदयाचा आलेख वाचणे आणि पाच-सहा जणांच्या तुकडीने गोंधळ न करता काम करणे शिकवतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छातीवर दाब देण्याची ही रीत 1960 साली जगापुढे मांडली. आज ती सर्वत्र मान्य आहे.

आपल्या देशातल्या भूलतज्ज्ञांनी 2017 साली भारतीय परिस्थितीला धरून नियम केले. सामान्य माणसाने नुसते दाब देत राहावे, श्वासाच्या भानगडीत पडू नये, असे त्यांत सांगितले आहे. 2021 साली केंद्र सरकारने डॉक्टर, नर्स व रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय आपत्कालीन जीवरक्षण अभ्यासक्रम सुरू केला. परदेशी अभ्यासक्रमाची फी परवडत नाही, ही सबब त्यामुळे आता फारशी उरलेली नाही.

आपल्या राज्यात 108 क्रमांकाची सेवा 2014 साली सुरू झाली, तेव्हा 937 गाड्या होत्या. त्यांतल्या 233 प्रगत साधनांच्या आणि 704 प्राथमिक साधनांच्या. गाडीबरोबर डॉक्टर द्यायचा, हे या सेवेचे वैशिष्ट्य. गाडीत यंत्र आहे, ऑक्सिजन आहे. पण यंत्र आपण होऊन चालत नाही. ते चालवणारा हात शिकलेला लागतो.

सर्पदंशाचे उदाहरण

हे शिक्षण फक्त रस्त्यावरच्या अपघाताचे, असे समजू नका. उसाला रात्रीचे पाणी पाजताना मण्यार चावली, तर तिच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पापण्या मिटू लागतात, शब्द अडखळतो, मग दम थांबतो. प्रतिविष द्यावेच लागते, पण थांबलेला श्वास त्याने लगेच परत येईलच असे नाही. तोवर कोणीतरी तोंडावर मास्क धरून रबरी फुग्याने श्वास देत राहिले, तर माणूस जगतो. हा फुगा महाग नाही. तो नीट धरायला शिकलेली नर्स आपल्या टप्प्यात असणे महत्त्वाचे. पंपाच्या मोटारीचा शॉक बसला तरी हेच. आधी मेन स्विच बंद करायचा, मग श्वास आणि नाडी.

एकदा शिकले की झाले?

नाही. खोडवा राखला म्हणून मशागत सुटत नाही, तसे हे आहे. सराव नसेल तर काही महिन्यांतच हाताची सवय सुटते, असे ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणूनच बी.एल.एस. व ए.सी.एल.एस.चे प्रमाणपत्र दोन वर्षांचे आणि ए.टी.एल.एस.चे चार वर्षांचे असते. भिंतीवर फ्रेम करून लावलेला कागद जुना असेल तर त्याचा मान ठेवावा, भरवसा ठेवू नये.

आपण काय करायचे?

लागणीत नांग्या वेळेवर भरल्या नाहीत, तर पुढे कितीही खत टाका, टनेज येत नाही. पहिल्या तासाचे तसेच आहे. तो गेला की पुढे लाखाचे ऑपरेशन करूनही गेलेले परत येत नाही. म्हणून आमच्या चार सूचना आहेत.

1. बॉयलर पेटण्यापूर्वी दरवर्षी कारखान्याच्या दवाखान्यातील डॉक्टर, नर्स व रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरची उजळणी व्हावी. साखर तयार करताना यंत्रांची देखभाल आपण चुकवत नाही, मग ही का चुकवावी?

2. गटातल्या खासगी डॉक्टरांनाही या वर्गाला पाठवावे. आपले सभासद रात्री पहिल्यांदा त्यांचेच दार वाजवतात. फीचा काही भाग कारखान्याने उचलावा. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मांडा. रस्ता आणि ऊसदर यांच्याइतकाच तो आपला आहे.

3. आपल्या डॉक्टरला आदराने विचारा, “डॉक्टरसाहेब, जीवरक्षणाचा कोर्स कधी केला? फुगा-मास्क आहे का? मान धरायची पट्टी आहे का?” विचारण्यात अपमान नाही. विचारणारे असले की शिकणारे वाढतात.

4. चिटबॉय, मुकादम आणि ट्रॅक्टर ड्रायव्हर यांना निदान तीन गोष्टी शिकवाव्यात: रक्त दाबून धरणे, मान न हलवणे आणि छातीवर दाब देणे.

कायद्याची भीती बाळगू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि 2019 च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीत कलम 134-अ घालून ते पक्के केले. चांगल्या भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्यासाठी दावा वा खटला होत नाही. पोलिसांना नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत. ट्रॉली उलटल्यावर शिकायला वेळ मिळत नाही. तो पोरगा आजही गावच्या पारावर खुर्चीत बसलेला दिसतो. आम्हाला बघून हसतो, चहाला बोलावतो. पुढच्या हंगामात अशी दुसरी खुर्ची आपल्या शिवारात येऊ नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.